दगड बदलला की चढाई बदलते

सह्याद्रीत चार-पाच सुळके केलेला मुलगा पहिल्यांदा कर्नाटकातल्या बदामीला जातो आणि सिक्स-ए रूटवर दोरीला लटकतो. (सिक्स-ए ही चढाईच्या अवघडपणाची ग्रेड, आकडा जितका मोठा तितकं अवघड.) बदामीत सेव्हन-ए सहज काढणारी मुलगी सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या पहिल्या कातळटप्प्यावर "हा दगड धरू का?" असं खालच्याला विचारत थांबते. दोघंही आपापल्या जागी चांगलेच क्लाइंबर आहेत. फरक दगडाचा आहे. नव्याने शिकणाऱ्याने हे आधीच समजून घेतलं, तर स्वतःला उगाच ढ किंवा उगाच शूर समजायची वेळ येत नाही.

आपल्यापासूनच सुरुवात करू. सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. काही थर पोलादासारखे, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून तिथे गवताळ उतार तयार होतो, कठीण थर सरळसोट उभा राहतो. म्हणून इथली चढाई तुकड्यातुकड्यांची असते: एक कातळटप्पा, मग घसाऱ्यावरचा ट्रॅव्हर्स म्हणजे आडवी चाल, मग पुन्हा कातळ. लिंगाणा, वानरलिंगी, वजीर, कुठेही बघा. हातात ताकद असून भागत नाही, दगड वाचावा लागतो. अनुभवी लीडर (सगळ्यात पुढे चढणारा) होल्डवर, म्हणजे धरायच्या दगडावर, वजन टाकण्याआधी त्यावर तळहाताने थापटतो. टणक, भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द वाजला तर बोटं काढून घ्यायची, आणि धरावाच लागला तर बाहेर न ओढता खाली दाबायचा. गवताच्या झुपक्याला तर लोंबकळायचंच नाही, तो मातीसकट हातात येतो.

त्यामुळे इथे चढाईची संस्कृतीही वेगळी झाली. अवघड मूव्हपेक्षा माथ्यावर पोहोचण्याला मान. लीडर, त्याचा दोर सांभाळणारा बिलेअर, सामान ओढणारे, सगळी टीमच्या जोरावर चालणारी मोहीम. मेखा, हाताने ठोकलेले बोल्ट, अडलं तर एट्रिअर (पट्ट्यांची छोटी शिडी) लावून वर सरकणं, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रूटला ग्रेड विचारलात तर बहुतेकदा "सोपा आहे, पण एक्सपोजर आहे" एवढंच उत्तर मिळेल; एक्सपोजर म्हणजे पायाखालची उघडी खोल दरी. (हे "सोपा आहे" कधीही खरं मानू नका.) हेल्मेट सक्तीचं, आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी चढाई रद्द. इथे वाद घालायचा नाही.

बदामीचा वालुकाश्म याच्या अगदी उलट. तांबूस, भरवशाचा, आडव्या खाचांचा, आणि बऱ्याच भिंती अंगावर येणाऱ्या. धरलेलं निघेल ही धास्ती कमी, म्हणून लोक शरीराला पार टोकापर्यंत ताणू शकतात. बोल्ट लावलेले स्पोर्ट रूट इथे वाढले ते यामुळेच. 'गणेशा' हा ८बी प्लस रूट इथलाच. पुण्याच्या तुहिन सातारकरने तो केला आहे. पाऊस पडून गेला असेल तर मात्र थांबा. ओला वालुकाश्म कमजोर होतो, होल्ड तुटतात आणि रूट कायमचा बिघडतो.

तिथून हंपी फार लांब नाही, पण बोटांना ती वेगळीच दुनिया वाटते. ग्रॅनाइटचे ढीगच्या ढीग धोंडे, म्हणून बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय धोंड्यांवरची चढाई. खरखरीत क्रिंपवर (बोटांच्या टोकांनी धरायच्या बारीक कडांवर) दोन दिवसांत बोटांची कातडी संपते, म्हणून विश्रांतीचा दिवस आधीच ठरवून जा. चढायचं सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी दगड तापतो आणि घामाने हात सुटतो. स्मारकांच्या दगडांना हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

ग्रॅनाइटच असलेलं बंगळूरजवळचं सावनदुर्ग मात्र पायाची परीक्षा घेतं. लांबलचक स्लॅब (कलते गुळगुळीत कातळ), धरायला जवळजवळ काही नाही, फक्त बुटाच्या रबरावर विश्वास. सह्याद्रीवाल्याला इथे सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण आपले हात सवयीने काहीतरी शोधत राहतात आणि अंग कातळाला चिकटतं. अंग बाहेर, टाचा खाली. बोल्टमधलं अंतर लांब असू शकतं, म्हणून लीड करायची घाई नको.

उत्तरेत फरिदाबादजवळच्या धौजला अरवलीचा क्वार्टझाइट आहे: कठीण, धारदार, भेगाळ. नट आणि कॅम (भेगेत अडकवायची सुरक्षेची साधनं) बसवायला शिकायचं तर ही उत्तम शाळा. हिमाचलच्या लाहौलमधल्या छत्रूला मोठमोठे बोल्डर आहेत, तिथे उन्हाळ्यात जायचं, म्हणजे आपल्या हंगामाच्या नेमकं उलट.

माझं मत विचाराल तर पहिला हिवाळा सह्याद्रीत सेकंड म्हणून, म्हणजे लीडरच्या मागून, चढा, अँकर (दोर पक्का बांधणं) आणि रॅपलिंग (दोराने उतरणं) पक्कं करा, मग बदामी. भिंतीवरच्या जिममधून थेट बदामीला गेलेले चांगले चढतात, पण ठिसूळ दगड ओळखणं पुढे त्यांना जड जातं. जिथे जाल तिथे आपली नेहमीची ग्रेड दोन पायऱ्या खाली धरून पहिला दिवस काढा. आणि बंगळूरजवळच्या रामनगरला चढायला जायचं असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. तिथली रामदेवर बेट्टा ही टेकडी गिधाडांचं अभयारण्य आहे.