पसरणी घाट आणि पन्नाशीतला सायकलपटू: मास्टर्स (ठरावीक वयापुढील स्पर्धकांच्या) शर्यतीत या चुका टाळा

पसरणी घाटात दमलेला सायकलपटू पाचगणीच्या अलीकडे मागे पडताना दिसतो. त्याची चूक मात्र बहुतेक वेळा वाई सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन किलोमीटरांतच झालेली असते. सुमारे १२ किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठणारा हा चढ फारसा तीव्र नाही आणि म्हणूनच तो फसवतो. पाय ताजे असतात, पुढे तिशीतला गट सुटलेला असतो आणि त्याच्या मागच्या चाकाला धरून राहण्याचा मोह आवरत नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केले. एकदा क्षमतेबाहेर श्वास लागला की नंतर वेग उतरवूनही तो लवकर बसत नाही आणि उरलेला अर्धा तास केवळ तग धरण्यात जातो. पहिल्या दहा मिनिटांत शेजाऱ्याशी एक छोटे वाक्य बोलता आले पाहिजे. तेवढाही दम उरत नसेल, तर गट जाऊ द्यावा.

याला जोडूनच गिअरची चूक येते. मागचे सर्वांत मोठे चक्र केवळ २५ दातांचे ठेवून घाटात उभे राहून पेडल मारणे तरुणपणी निभावले असेल, पण आता त्याचा भार गुडघ्यांवर पडतो. पुढच्या, म्हणजे पेडलजवळच्या चक्राला ३४ आणि मागच्या मोठ्या चक्राला ३२ किंवा ३४ दात असले, तर बसून सलग लयीत चढता येते. असा गिअर लावण्यात कमीपणा मानणाऱ्यांचे मला खरोखर वाईट वाटते.

हृदयगतीच्या घड्याळावर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २२० मधून वय वजा करण्याच्या सूत्राने साठ वर्षांच्या व्यक्तीची कमाल गती १६० येते, तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याच्या सूत्राने ती १६६ येते. दोन्ही आकडे सरासरीचे आहेत आणि प्रत्यक्षात माणसागणिक बराच फरक पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर हृदयाची गती मुळातच दबलेली राहते आणि ही सूत्रे निरुपयोगी ठरतात. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांनी उन्हात पाणी लवकर कमी होते. शिवाय अशी औषधे उत्तेजकविरोधी नियमांच्या प्रतिबंधित यादीत आहेत, त्यामुळे ते नियम लागू असलेल्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी वैद्यकीय सवलतीची चौकशी करावी. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धडधड जाणवली, तर तिथेच थांबावे आणि शर्यत सोडावी.

साताऱ्यातून कासकडे निघालात, तर शहराची वस्ती मागे पडताच यवतेश्वरचा चढ सुरू होतो. अशा मार्गावर अंग न तापवता सुरुवात करणे वयस्कर स्नायूंना फार जड जाते. वीस मिनिटे हलके पेडल मारून आणि शेवटी दोन-तीन छोटे वेग घेऊन मगच रेषेवर यावे. घाट संपला म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे, कारण वरच्या उघड्या रस्त्यावर वारा अंगावर येतो. तिथे एकट्याने झुंजण्याऐवजी घोळक्यात राहिल्यास बरीच शक्ती वाचते; मात्र आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी अडकेल इतके पुढे कधीही नेऊ नये.

तहान लागण्याची वाट पाहू नका, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. दोन तासांहून लांब शर्यतीत ताशी सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, बाकीची खजूर, चिक्की किंवा साखरमिठाच्या पाण्यातून भरून काढता येतात. सरावात न खाल्लेले एनर्जी जेल (कर्बोदकांचा पाकिटातला घट्ट पाक) शर्यतीच्या दिवशी प्रथमच उघडू नये. पेटके आल्यास सगळा दोष मिठाच्या कमतरतेवर टाकू नका. पुष्कळदा सवयीपेक्षा जास्त जोर लावल्याने ते येतात, तेव्हा हलक्या गिअरवर या आणि स्नायू ताणून घ्या.

पंक्चर झाल्यावर घाईने नवी ट्यूब घालणाऱ्याला थोड्याच अंतरावर दुसरे पंक्चर होते, कारण बाभळीचा काटा टायरमध्येच राहिलेला असतो. टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधावा. ऊस वाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर पाचट आणि कांड्या पडलेल्या असतात, त्यामुळे वळणाच्या आधी नजर दूरवर ठेवावी.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेला (रिमला) दाबणारा ब्रेक असलेल्या सायकलीची रिम त्याने इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. वेग वळणाआधी उतरवावा, वळणात ब्रेक सोडावा आणि पावसाळ्यानंतर शेवाळलेल्या कडेपासून आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यांपासून चाक दूर ठेवावे.