इंग्लंडमध्ये कंझर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) किंवा गॅरेज बांधण्यापूर्वी

बिल्डर ‘परमिशन लागत नाही’ म्हणाला, तर ‘कोणती?’ असं विचारा. प्लॅनिंग परमिशन म्हणजे त्या जागी ते बांधकाम चालेल का. बिल्डिंग रेग्युलेशन्स म्हणजे ते नीट बांधलंय का. एक माफ झालं म्हणजे दुसरंही माफ, असं नाही. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम निराळे.)

आधी घराची कागदपत्रं काढा. ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणजे अर्जाशिवाय बांधायची मुभा. ती फ्लॅट आणि मेझोनेटला (दुमजली फ्लॅटला) नाही. नव्या वसाहतींत काउन्सिलने (स्थानिक पालिकेने) मूळ परवानगीतच अट घालून ती बऱ्याचदा काढून घेतलेली असते. काउन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या वसाहतीचा निर्णय शोधा आणि अटी शेवटपर्यंत वाचा. लिस्टेड बिल्डिंग (वारसा म्हणून संरक्षित इमारत) असेल तर आधी काउन्सिललाच विचारा.

मुभा शाबूत असेल तर मागच्या बाजूची एकमजली कंझर्व्हेटरी डिटॅच्ड (सुट्या) घराला ४ मीटर आणि सेमी (एका बाजूने जोडलेल्या) किंवा टेरेस (ओळीने जोडलेल्या) घराला ३ मीटर खोल चालते. कमाल उंची ४ मीटर. हद्दीपासून २ मीटरच्या आत वळचण ३ मीटरपेक्षा उंच नको. त्याहून खोल, म्हणजे डिटॅच्डला ८ किंवा इतरांना ६ मीटरपर्यंत जायचं तर काउन्सिलला आधी कळवावं लागतं. शेजाऱ्यांना विचारलं जातं आणि ४२ दिवस थांबावं लागतं. घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जतनासाठी राखलेल्या जुन्या परिसरात) असेल तर हा मार्ग बंद.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ‘मूळ घरा’वर. मापं १ जुलै १९४८ रोजी घर जसं होतं तिथून, किंवा ते नंतर बांधलेलं असल्यास बांधलं तेव्हापासून धरतात. आधीच्या मालकाने मागे २ मीटरची खोली काढली असेल, तर तिला जोडून सेमीला तुमच्या वाट्याला उरतो १ मीटर. मूळ घर सोडून उरलेल्या जमिनीपैकी निम्म्याहून जास्त जागा व्यापायची नाही. त्यात जुनी शेडसुद्धा मोजतात.

बिल्डिंग रेग्युलेशन्समधून कंझर्व्हेटरी सुटते ती काही अटींवर: जमिनीलगतची, ३० चौरस मीटरपेक्षा लहान, घर आणि तिच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत, दार किंवा खिडकी कायम, आणि घराच्या सेंट्रल हीटिंगचा रेडिएटर आत नाही. काच आणि वायरिंग मात्र नियमानेच. जमिनीपासून ८०० मिलिमीटरपर्यंत आणि दारांत १५०० मिलिमीटरपर्यंत सेफ्टी ग्लास हवी. मधलं दार काढून स्वयंपाकघर मोठं केलं की सूट गेली. काचेच्या जागी पक्कं छत बसवतानाही बिल्डिंग कंट्रोलला (हे नियम तपासणाऱ्या विभागाला) आधी विचारा. माळ्यावर खोली असेल, तर तिच्या सुटकेच्या खिडकीला शिडी लागेल अशी जागा मोकळी ठेवा.

सुटं गॅरेज घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे आलं की मुभा संपते. वळचण २.५ मीटर, उंची दुपाखी छताला ४, इतरांना ३ मीटर. हद्दीपासून २ मीटरच्या आत कुठलाही भाग आला तर पूर्ण इमारत २.५ मीटरमध्ये बसवावी लागते, म्हणून कुंपणालगत उतरतं छत सहसा जमत नाही. ३ बाय ६ मीटरचं गॅरेज १८ चौरस मीटरचं होतं. १५ ते ३० चौरस मीटरमध्ये बिल्डिंग रेग्युलेशन्स टाळायची तर ते हद्दीपासून किमान १ मीटर लांब किंवा बहुतांशी न जळणाऱ्या साहित्याचं हवं, आणि आत झोपायची सोय नको. कुंपणाला चिकटून एवढं लाकडी गॅरेज बांधायचं तर बिल्डिंग रेग्युलेशन्सचा अर्ज लागतोच.

घराला जोडलेल्या गॅरेजला बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी लागते. मधली भिंत ३० मिनिटं आग रोखणारी, दार आपोआप मिटणारं एफडी३०एस (३० मिनिटं आग आणि धूर रोखणारं), आणि सांडलेलं पेट्रोल घरात येऊ नये म्हणून उंबरा गॅरेजच्या जमिनीपेक्षा १०० मिलिमीटर वर, किंवा जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार.

पाया शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत आणि तिच्या पायापेक्षा खोल खणणार असाल, तर पार्टी वॉल (शेजाऱ्याशी सामाईक भिंतींच्या) कायद्याखाली एक महिना आधी लेखी नोटीस द्या. सार्वजनिक गटारापासून ३ मीटरच्या आत पाया येत असेल तर पाणी कंपनीची संमती घ्या.

अर्ज लागत नसला तरी ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ (बांधकाम कायदेशीर असल्याचा काउन्सिलचा दाखला) काढून ठेवा. बांधकामाआधी काढल्यास फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी. घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) हेच मागतो, आणि मंजुरी लागलेल्या कामाचं बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेटही (काम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला). ‘परवानगीशिवाय बांधलं तरी चार वर्षं गेली की काउन्सिल काही करत नाही’ हा जुना हिशोब आता विसरा: २५ एप्रिल २०२४ रोजी किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या बांधकामाला ती मुदत १० वर्षांची आहे.