सॉफ्टवेअर नवं, घोळ जुनाच : डेटा सांभाळताना या चुका टाळा

भोसरीतला कारखाना असो, मार्केट यार्डातली पेढी असो की पेठेतली पतसंस्था, डेटाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मग काहीतरी महागडं घेतलं जातं, जुन्या एक्सेल फायली त्यात जशाच्या तशा ओतल्या जातात आणि मार्चअखेरीला विक्रीचा आकडा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा. कुठली नोंद खरी, ती कोण बदलू शकतं, कुठे असते आणि किती काळ ठेवायची, याची उत्तरं संस्थेत सगळ्यांना सारखीच ठाऊक असणं, हे डेटा व्यवस्थापन. ते नसेल तर एकाच गिऱ्हाइकाला दोनदा बिल जातं, उधारी भलत्याच्याच नावावर दिसते आणि जीएसटी जुळवताना रात्री जागाव्या लागतात.

एक्सेलवर डोळे झाकून विश्वास

एक्सेल वाईट नाही, निम्मं पुणं त्याच्यावर चालतं. पण अंक दिसले की ते त्यांना संख्या समजतं. हळद-आल्याचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, ०९१०. तो नुसता टाइप केला की उरतो ९१०. हे पकडणं सोपं आहे. बिलावरचा एचएसएन ४, ६ किंवा ८ अंकी असतो, त्यामुळे कोड विषम अंकी दिसला तर पुढचं शून्य गळालं समजा. बँक खात्यांचं दुखणं जास्त वाईट. एक्सेल संख्येचे १५ अंकच धरून ठेवतं, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. एचएसएनचं शून्य परत लावता येतं, हा अंक परत येत नाही. मूळ फाइलच शोधावी लागते. म्हणून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आत घ्या आणि असे कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा.

तारखांचंही तसंच. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण संगणकाचं ‘रीजन’ अमेरिकन असेल तर ४ मार्च. १३ तारखेपासून पुढच्या तारखा त्याला कळतच नाहीत, त्या मजकूर बनून डावीकडे चिकटतात. कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की लोक डावीकडच्या दुरुस्त करत बसतात. खरा धोका उजवीकडच्यांत असतो, कारण त्या चुकलेल्या असूनही बरोबर दिसतात. रीजन भारताचं करा आणि मूळ फाइल पुन्हा आत घ्या.

हे फक्त छोट्यांचे घोळ नव्हेत. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत जुन्या एक्सेल फॉरमॅटमुळे कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण नोंदीबाहेर राहिले. त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, पुढच्या तुटल्या.

नावावरून माणूस ओळखणं

सदाशिव पेठेत एकाच नावाचे दोन जोशी सापडायला फार चालावं लागत नाही. त्यात कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी, आणि लग्नानंतर आडनाव बदललं तर एकाच बाईंच्या दोन नोंदी तयार. प्रत्येक ग्राहकाला, सभासदाला स्वतःचा कोड द्या आणि जुळवाजुळव त्याच्यावरूनच करा. व्यापारी ग्राहक असेल तर जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षर-अंकांत पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढचे दहा पॅनचे असतात. एका कंपनीचे वेगवेगळ्या राज्यांतले क्रमांक वेगळे, पॅन एकच. कंपनीची एकूण उधारी हवी असेल तर पॅनवरून काढा.

मराठीतल्या नोंदींचा एक खास त्रास आहे, तो सॉफ्टवेअर विकणारा सांगत नाही. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतं : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र वेगळी. ‘ॲड.’चंही तेच. नाव समोर दिसतंय आणि सर्च म्हणतंय ‘सापडलं नाही’, असं झालं की आधी हे तपासा. एक रूप ठरवून बाकीची सरसकट बदलून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या फायलींत तर मराठी अक्षरंच नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले. त्या आधी युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

जिल्ह्यांची नावंही बदलली. उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर रिपोर्टमध्ये वेगळ्या ओळींत येत असतील तर नावाऐवजी सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड वापरा.

बॅकअप आहे, पण कुठे?

बहुतेकदा त्याच कपाटात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगर, अरण्येश्वर भागात शिरलं, तेव्हा त्याने मूळ प्रत कुठली आणि बॅकअप कुठला हे विचारलं नसणार. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी : हा जुना नियम पुरेसा आहे. गूगल ड्राइव्हवर आपोआप सिंक होणारं फोल्डर यात मोजू नका. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. आणि अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून खरंच उघडून बघा.

मालक नाही, मुदत नाही

ग्राहकांची यादी सगळेच बदलतात, जबाबदार कुणीच नाही. प्रत्येक यादीला एक माणूस नेमा, आणि ती यादी त्याच्या खासगी ईमेलवर राहू देऊ नका.

किती काळ ठेवायचं हेही मनाने ठरत नाही. कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. उलट, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की काम संपलेली वैयक्तिक माहिती, दुसरा कायदा ती ठेवायला लावत नसेल तर, पुसा. सुरक्षेत कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सुरुवात व्हॉट्सॲपपासून करा : ऑफिसच्या ग्रुपवर पडून असलेले आधार कार्डांचे फोटो आणि ते आपोआप गॅलरीत उतरवून घेणारे सगळ्यांचे फोन.