फुगवायचा डीकॉन शॉवर: ऑर्डर देण्याआधीची तयारी

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतले कारखाने, शीतगृहांतला अमोनिया, जलशुद्धीकरण केंद्रांवरचा क्लोरीन, समृद्धी आणि सोलापूर-धुळे महामार्गावरून रात्रंदिवस धावणारे ॲसिडचे टँकर. एवढं सगळं आसपास असताना बचाव पथकाकडे हवा भरून उभा करता येणारा डीकॉन शॉवर, म्हणजे माणसाच्या अंगावरचं घातक रसायन धुऊन काढायचा शॉवर, असायलाच हवा. पण तो घ्यायचं ठरलं की कॅटलॉग बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा पाण्याचा हिशोब मांडा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्याच्या या मुलखात कोणता शॉवर चालेल हे पाणीच ठरवतं.

समजा शॉवर मिनिटाला ६० लिटर पाणी घेतो आणि एका माणसाला ५ मिनिटं लागतात. म्हणजे माणशी ३०० लिटर. ४० माणसं निघाली तर १२,००० लिटर, अख्खा एक मोठा टँकर. एप्रिलच्या भर दुपारी तो टँकर कोण देणार, कोणत्या पॉइंटवर भरणार, यायला किती वेळ लागणार, हे आधी कागदावर हवं. विक्रेत्याकडून मिनिटाला किती लिटर आणि किती दाबाला, हे लेखी घ्या. दाब कमी आणि पाणी भरपूर, असाच फवारा हवा. जोराच्या धारेनं रसायन कातडीत मुरतं आणि शेजारच्यावर उडतं. बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी पडते ती आपण घरोघरी पाहतो, तेच नोझलचं होतं. म्हणून नोझल हातानं उघडून साफ करता येतील असे बघा, पाणी आत येतं तिथं जाळी बसवा आणि नोझलचा एक जादा संच मागून घ्या.

जोडाकडे कोणी बघत नाही. आमच्या एका सरावात शॉवर चार मिनिटांत उभा राहिला, टँकर शेजारी उभा, आणि पाइप काही जोडता येईना. बंबाची होज ६३ मिमी कपलिंगची, टँकरचा कॉक साध्या आट्यांचा, शॉवरचं तोंड तिसऱ्याच मापाचं. खरा अपघात असता तर? त्या दिवसापासून तिन्ही मापांचे अडॅप्टर शॉवरच्याच पिशवीत साखळीनं बांधून ठेवतो. तुम्हीही ते शॉवरबरोबरच मागवा.

आता जाणारं पाणी. जेवढं आत आलं तेवढंच घाण होऊन बाहेर येणार, आणि ते नाल्यात किंवा शेतात सोडता येत नाही. खाली कुणाची तरी विहीर असते. खालचा हौद आणि सांडपाण्याची पिशवी १,००० लिटरची असली तर साठ लिटरच्या धारेनं ती सतरा मिनिटांतच भरते. त्यामुळे उपसायचा पंप, दुसरी पिशवी आणि पुढं ते पाणी न्यायला वेगळं वाहन, हे सगळं याच खर्चात धरा. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: पाणी घेऊन आलेल्या टँकरमध्ये हे सांडपाणी कधीही भरू नका. दुसऱ्या दिवशी तोच टँकर एखाद्या तांड्यावर प्यायचं पाणी घेऊन जाणार असतो.

सांगाडा दोन प्रकारचा मिळतो. एकात ब्लोअर सतत चालू लागतो, दुसऱ्यात हवा भरून तोंड बंद करतात. मी दुसरा घेईन, कारण जनरेटर बंद पडला तरी तो उभा राहतो आणि बीए सेटच्या (जवान पाठीवर घेतात त्या श्वसनयंत्राच्या) सिलिंडरनंही भरता येतो. उन्हात आतली हवा फुगते, म्हणून जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. पंक्चरची भीती मात्र यालाच जास्त. आपल्याकडं रस्ता सोडला की बाभळीचा काटा आणि पऱ्हाटीचं धसकट ठरलेलं. खाली अंथरायला जाड ताडपत्री घ्या, पंक्चरचं सामान जवळ ठेवा. डांबरावर आणि मुरमात खुंट्या बसत नाहीत, तेव्हा वाळूची पोती लागतात. अवकाळीचा वारा रिकामा शॉवर सहज उचलतो.

अंगावरचे कपडे उतरवले की बरंचसं रसायन त्यांच्याबरोबरच जातं. पण रस्त्यावर बघ्यांची गर्दी असताना कोणती बाई लुगडं सोडेल? बायांची रांग वेगळी, पडदे अपारदर्शक, आत महिला कर्मचारी, पलीकडं लगेच हातात पडेल असा गाऊन, आणि मंगळसूत्र-मोबाइलसाठी नंबर घातलेली पिशवी. हे नसेल तर चांगला शॉवरही रिकामाच उभा राहील. झोपवून आणलेल्या जखमींसाठी स्ट्रेचर सरकवायचे रोलर लागतात. दार तेवढं रुंद आहे का, तेही मोजून घ्या.

प्रत्येकाला पाण्याखाली घालायचंही नसतं. नुसता वायू लागलेला आणि त्रास नसलेला माणूस मोकळ्या हवेत नेऊन वरचे कपडे काढले तरी बहुधा भागतं. धान्याच्या गोदामातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या भुकटीला ओल लागली की विषारी फॉस्फीन सुटतो, तिथं आधी कोरडंच झटकायचं. ॲसिड अंगावर पडलं असेल तर मात्र शॉवर उभा होईपर्यंत थांबू नका. बंबाची सौम्य धार, बादली, हाताशी असेल ते पाणी ताबडतोब ओता.

आपले जवान रसायनरोधक सूट घालून आत जाण्याआधीच त्यांच्यासाठी शॉवर तयार हवा. बीए सेटच्या ६ लिटरच्या, ३०० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये साधारण १,८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर पाऊण तास. सूट धुऊन होईपर्यंत मास्क काढता येत नाही, म्हणजे परतीची आणि धुण्याची हवा त्यातूनच राखावी लागते. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्या सूटमध्ये रांगेत ताटकळणं जिवावर बेतू शकतं.

वापर झाला की पूर्ण वाळवूनच घडी घाला. तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि उंदरांच्या तोंडी ठेवू नका.

विक्रेता हॉलमध्ये प्रात्यक्षिक देऊ म्हणेल. त्याला आपल्या जागेवर बोलवा, मे महिन्यात, दुपारी दोनला. टँकर आपला, माणसं आपली, घड्याळ आपलं. धसकटांच्या रानात शॉवर उभा करून पाणी सोडायला लावा आणि त्यानंतरच ऑर्डरवर सही करा.