फिरत्या घरासाठी शाळेची जुनी बस विकत घेताना

अमेरिका आणि कॅनडा येथील शाळांच्या पिवळ्या बसगाड्या साधारणपणे १२ ते १५ वर्षे धावून निवृत्त होतात आणि लिलावात विकल्या जातात. अशा बसचे फिरते घर, म्हणजेच कॅम्पर, करू पाहणारा माणूस सहसा ओटा कुठे, पलंग कुठे, खिडक्या किती ठेवायच्या याचे आराखडे आधी काढतो आणि गाडी मात्र रंग व मैलांचा आकडा पाहून घेतो. हा क्रम उलटा आहे. ओटा, पलंग, वायरिंग, पाण्याची टाकी हे सारे पुढे हवे तेव्हा बदलता येते. सांगाड्यातला गंज, इंजिन-गिअरबॉक्सची जोडी आणि छताची उंची मात्र जशी पदरात पडते तशीच बहुधा शेवटपर्यंत राहते. म्हणून खरेदीच्या वेळी सगळे लक्ष या तीन गोष्टींवर असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाड्यांचा सांगाडा मुळात फार मजबूत असतो. १ एप्रिल १९७७ पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांनुसार शाळेच्या बसच्या छतावर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार टाकला, तरी ते सुमारे पाच इंचांपलीकडे दबता कामा नये आणि पत्र्यांचे जोडही ठरावीक ताकदीचे असले पाहिजेत. ही ताकद एका भिंतीतून वर जाऊन छतावरून दुसऱ्या भिंतीत उतरणाऱ्या पोलादी बरगड्यांची असते. छत उंच करायचे म्हणजे याच बरगड्या कापून त्यांना जोड द्यावा लागतो, आणि ते काम कसलेल्या वेल्डरचे आहे. हा खटाटोप टाळायचा असेल, तर आत उभे राहून मधोमध उंची मोजावी. ती साधारण सहा ते साडेसहा फुटांच्या दरम्यान भरते आणि जमिनीला व छताला उष्णतारोधक थर दिल्यावर त्यातून दोन ते चार इंच सहज कमी होतात. घरातल्या सर्वांत उंच माणसाने टाचा टेकवून उभे राहून पाहावे, म्हणजे निर्णय तिथल्या तिथे होतो.

लांबी ठरवताना मोह आवरावा. पूर्ण आकाराची बस ३५ ते ४० फूट लांब असते आणि राष्ट्रीय उद्यानांतील अनेक मुक्कामाच्या तळांवर गाडीच्या लांबीला मर्यादा असते. इंजिन पुढे नाकाडासारखे बाहेर असलेल्या गाडीत दुरुस्तीसाठी हात सहज पोचतो. सपाट तोंडाच्या गाडीत त्याच लांबीत आतली जागा जास्त मिळते, पण इंजिन पुढेच असेल तर त्याचा आवाज आणि ऊब चालकाच्या शेजारीच येते. मागे इंजिन असलेली गाडी चालवायला शांत असते, मात्र तिला मागचा दरवाजा नसतो.

आता गंजाकडे वळू, कारण सर्वाधिक खरेद्या इथेच फसतात. हिवाळ्यात ज्या प्रदेशांत रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे ईशान्येकडची राज्ये आणि महासरोवरांभोवतीचा पट्टा, तिथे वाढलेली गाडी खालून पोखरलेली असण्याची शक्यता मोठी असते. नैर्ऋत्येकडच्या कोरड्या राज्यांतली गाडी आणायला प्रवासाचा खर्च पडतो, पण पत्रे कापून नवे बसवण्याच्या खर्चापुढे आणि कष्टांपुढे तो क्वचितच जास्त ठरतो. गाडीच्या जमिनीची रचनाही समजून घ्यावी. खाली पोलादी पत्रा, त्यावर बहुधा प्लायवुड आणि त्यावर रबराचे आच्छादन असते, आणि या सर्वांतून आरपार गेलेले आसनांचे बोल्ट असतात. मुलांच्या बुटांवरचा बर्फ आणि रोजच्या पोछ्याचे पाणी याच बोल्टच्या भोकांतून खाली झिरपते आणि प्लायवुडमध्ये अडकून राहते. त्यामुळे वरून जमीन कोरडी व स्वच्छ दिसली तरी पत्रा कुजलेला असू शकतो.

मी पाहिलेल्या एका बसचा रंग नवा होता, मैल कमी होते आणि विकणाराही मोकळेपणाने बोलणारा होता. मागच्या चाकाच्या कमानीजवळ रबराची एक कड सुटली होती. ती उचलली तेव्हा प्लायवुड काळे पडून ओल्या पुठ्ठ्यासारखे झालेले दिसले, आणि त्यावर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर जरासा दाबताच खालच्या पत्र्यातून आरपार जाऊन जमिनीवर पडला. तेव्हापासून मी जुने कपडे, विजेरी आणि छोटी हातोडी घेतल्याशिवाय गाडी पाहायला जात नाही. चाकांना अडण लावून गाडीखाली शिरावे आणि ठिकठिकाणी हातोडी वाजवावी. चांगला पत्रा टणक, खणखणीत वाजतो; सडलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे गळतात. चासिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या मुख्य चौकटीच्या, जाड तुळयांवरचा तांबूस वरवरचा गंज घासून रंगवता येतो, परंतु पापुद्रे सुटणारी तुळई, चाकांच्या कमानी, दरवाजाच्या पायऱ्यांचा खालचा भाग आणि आडव्या पट्ट्या यांतली भोके दिसली, तर ती गाडी सोडून द्यावी. खालून नुकताच काळा रंग फासलेला असेल, तर अधिकच बारकाईने पाहावे. छतावरच्या आपत्कालीन झडपांभोवती आणि खिडक्यांच्या खाली पाण्याचे ओघळ दिसतात का, हेही तपासावे.

इंजिनांपैकी इंटरनॅशनल या कंपनीचे ७.६ लिटरचे डीटी ४६६ आणि कमिन्सचे ५.९ लिटरचे १२ व्हॉल्व्हचे इंजिन यांना या कामात मोठा मान आहे, आणि तो रास्त आहे. डीटी ४६६ मध्ये सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली नळकांडी, बदलता येत असल्यामुळे इंजिन चासिसवरून न उतरवताही त्याची मोठी दुरुस्ती होऊ शकते. कमिन्सच्या त्या इंजिनात इंधनाचा पंप यांत्रिक असल्याने सेन्सर व संगणक यांची झंझट जवळजवळ नाही. २००७ नंतरच्या डिझेल इंजिनांना काजळी पकडणारा फिल्टर आणि २०१० नंतरच्या बहुतेकांना वेगळ्या टाकीतून भरायचे युरियाचे द्रावण लागते. ही यंत्रणा हवेसाठी चांगली आहे, पण जुनी झाल्यावर तिची दुरुस्ती महाग पडते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

इंजिनाइतकेच महत्त्व गिअरबॉक्सला द्यावे. अॅलिसनचा एटी ५४५ हा चार गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स जुन्या बसगाड्यांत सर्रास आढळतो. त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, लॉक होण्याची सोय नाही, त्यामुळे लांब चढणीवर तेल तापते आणि उतारावर इंजिनामुळे वेगाला बसणारा आळा कमी मिळतो. सपाट प्रदेशात फिरणाऱ्याला तो पुरेल. डोंगरांत जाणाऱ्याने एमटी ६४३ किंवा नंतरच्या २००० मालिकेतला, लॉक होणारा गिअरबॉक्स असलेली गाडी शोधावी. मागच्या डिफरन्शिअलचे, म्हणजे मागच्या आसावरच्या दातेरी चाकांचे, गुणोत्तरही विचारावे, कारण थांबत थांबत जाणाऱ्या शहरी फेऱ्यांसाठी बांधलेल्या कित्येक गाड्या महामार्गावर ताशी ५५ मैलांच्या वर जाताच धापा टाकू लागतात.

पाहणीच्या दिवशी विक्रेत्याला आधीच सांगावे की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर प्रथम इंजिनावर हात ठेवून खात्री करावी. थंड इंजिन किती वेळात सुरू होते आणि पहिला धूर कसा येतो, यातून बरेच कळते. सुरुवातीचा पांढरा धूर लवकर विरावा. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याच भोकावर उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर ठीक, पण उडून पडले तर पिस्टनच्या कडांनी वायू खाली निसटतो आहे असे समजावे. गिअरबॉक्सच्या तेलाला करपट वास येता कामा नये.

ब्रेक हवेच्या दाबावर चालणारे असतील तर ही चाचणी न चुकता करावी. जागा सपाट असावी आणि चाकांना अडण लावलेली असावी. दाब पूर्ण भरू द्यावा, इंजिन बंद करावे, पार्किंग ब्रेक सोडावा आणि घड्याळ लावून बसावे. मिनिटाला दोन पौंडांपेक्षा (दर चौरस इंचाला) अधिक दाब उतरू नये. पेडल घट्ट दाबून धरल्यावर तीन पौंडांपेक्षा अधिक उतरू नये. मग पेडल पुन्हापुन्हा दाबून हवा सोडत जावी. दाब साधारण ६० पौंडांवर येईपर्यंत धोक्याचा बझर वाजलाच पाहिजे. टायरच्या बाजूवर छापलेल्या खुणेचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. टायरची नक्षी खोल दिसली तरी रबर म्हातारे होते, आणि सहा टायरांचा खर्च किरकोळ नसतो. मागचे टायर रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेले, असू शकतात. पुढे मात्र तसे टायर कधीही चालवू नयेत.

शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांकडे दुरुस्तीच्या नोंदी असतात. त्या मागाव्यात आणि जमल्यास ती गाडी सांभाळणाऱ्या मेकॅनिकशी पाच मिनिटे बोलावे. गाडी का काढली, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. लिलावात बोलीच्या वर खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क आणि गाडी हलवण्याची मुदत आधी वाचावी. मालकीच्या कागदावरचा चासिस क्रमांक गाडीवरील पट्टीशी अक्षरशः ताडून पाहावा. विम्याची विचारणा बोली लावण्यापूर्वीच करावी, कारण अशा गाडीचा विमा उतरवायला सगळ्या कंपन्या तयार नसतात. फिरते घर म्हणून नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. काही राज्यांत भारी गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. बाजूला उघडणारा ‘थांबा’ फलकाचा हात, लुकलुकणारे लाल दिवे आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरे काढावी लागतातच, आणि पुष्कळ ठिकाणी रंगही बदलावा लागतो. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सिर यांनी भरवलेल्या परिषदेत हा पिवळा रंग निश्चित झाला, तो पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात मुलांची गाडी दुरून ओळखू यावी म्हणून. तो रंग त्याच कामासाठी राखलेला असणे मला योग्य वाटते.

गाडी ताब्यात आल्यावर घाईने दूरचा पल्ला मारू नये. पहिल्या २० मैलांनंतर सुरक्षित जागी थांबून प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्यावा, पण टेकवू नये. सगळ्या चाकांची ऊब सारखी असेल तर पुढे निघावे. एखादे चाक इतरांहून फार तापलेले लागले, तर ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग जात आहे असे समजून मेकॅनिकला तिथेच बोलवावे.