को-ऑप युनिटमध्ये एम. एस.: आधी गाईड, मग फॉर्म

अमेरिकेत वन्यजीव किंवा मत्स्यविज्ञानात एम. एस. करायचं म्हटलं की बरेच जण आधी विद्यापीठाचा फॉर्म भरतात. को-ऑपरेटिव्ह फिश अँड वाइल्डलाइफ रिसर्च युनिटमध्ये (थोडक्यात को-ऑप युनिट) क्रम उलटा आहे: आधी गाईड, मग फॉर्म. आयोवातल्या एम्सला १९३२ मध्ये सुरू झालेली ही पद्धत १९३५ पासून देशभर गेली. युनिटच्या शास्त्रज्ञाचा, म्हणजे तुमच्या गाईडचा, पगार यूएसजीएस या केंद्र सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून, ऑफिस विद्यापीठात आणि संशोधनाचा प्रश्न बहुधा राज्याच्या वन्यजीव खात्याचा. विद्यार्थ्याचा पैसा त्या प्रकल्पातून येतो. गाईडकडे प्रकल्प नसेल, तर उत्तम मार्क असूनही जागा नाही.

ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं तर वर्षभर आधीपासून टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या ऑनलाइन जॉब बोर्डवरच्या जाहिराती रोज चाळा. गाईडला पाठवायची ईमेल दोनशे शब्दांत बसवा. ‘निसर्गाची आवड’ सगळेच लिहितात. तुम्ही किती रात्री जाळी लावली, किती मासे मोजले, आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणतं मॉडेल चालवलं, ते आकड्यांत लिहा.

मुलाखतीत साधं गणित विचारलं तर गडबडू नका. समजा, तळ्यात एकूण मासे किती ते काढायचंय. ६० मासे खुणेचा टॅग लावून सोडले. दुसऱ्या फेरीत ५० सापडले, त्यांत १२ खुणेचे. ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे अंदाज २५०. लहान नमुन्यासाठी वापरतात त्या चॅपमनच्या दुरुस्तीने सुमारे २३८. खरा प्रश्न यानंतरचा: काही टॅग गळून पडले तर? खुणेचे मासे कमी दिसतात, भाजक घटतो आणि संख्या फुगते. म्हणून काही माशांना दोन टॅग लावतात, किती गळतात ते कळायला. एवढं सुचलं तर फिल्डवर डोकं चालतं, हे समोरच्याला कळतं.

ऑफर लेटर नीट वाचा. आठवड्याला २० तास काम आणि ट्यूशन माफी हे नेहमीचं. पण इतर फी, आरोग्य विमा आणि उन्हाळ्यातला पगार त्यात आहे का? पैसे ९ महिन्यांचे की १२? संकोच न करता विचारा.

पोचल्यावर पहिला सीझन हमखास बुडतो तो परवान्यांमुळे. विद्यापीठाच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आणि राज्याचा कलेक्टिंग परमिट (प्राणी पकडायचा परवाना) हातात नसेल, तर माशाला हात लावता येत नाही. समितीने शंका काढल्या की आठवडे जातात. अर्ज हिवाळ्यातच टाका.

आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढा. फिल्डला बस जात नाही, आणि पिकअपला बोट जोडून रिव्हर्स घेणं पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही.