चिकटलेले दोन पीक मेथनॉलने सुटले

एचपीएलसीमध्ये (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातली संयुगं वेगळी करण्याची पद्धत) सी-18 कॉलमवर, म्हणजे तेलकट थराचे कण भरलेल्या नळीवर, एक फिनॉल आणि एक नायट्रो संयुग एकाच पीकमध्ये (आलेखावरच्या उंचवट्यात) येत होती. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, 50 टक्के ॲसिटोनायट्राइल, बाकी पाणी. अशा वेळी हात आधी पाणी वाढवण्याकडेच जातो. ॲसिटोनायट्राइल 40 टक्क्यांवर आणलं, रिटेन्शन (संयुगाचं कॉलममध्ये अडकून राहणं) दुपटीहून जास्त वाढलं, पण दोन्ही पीक जोडीनेच मागे सरकले. वेळ वाढला, अंतर नाही.

मग प्रमाण सोडून सॉल्व्हंटच बदललं. रिव्हर्स फेजमध्ये (अशा तेलकट कॉलमवर) संयुगं बाहेर काढायला मेथनॉल ॲसिटोनायट्राइलपेक्षा दुबळं, त्यामुळे 50 टक्के ॲसिटोनायट्राइलच्या जागी साधारण 60 टक्के मेथनॉल घेतलं की रिटेन्शन जवळपास तेवढंच राहतं. तसंच केलं आणि पीक बेसलाइनपर्यंत (आलेखाच्या तळरेषेपर्यंत) वेगळे झाले! मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: मेथनॉल हायड्रोजन बंधासाठी प्रोटॉन देतं आणि घेतंही, ॲसिटोनायट्राइल मुख्यतः द्विध्रुवीय ओढीने काम करतं. म्हणून फिनॉल आणि नायट्रो गटाला दोघांची वागणूक सारखी मिळत नाही. ताकद तीच ठेवूनही निवडकता (दोन संयुगांना वेगवेगळं धरणं) बदलते ती यामुळे.

प्रेशर मात्र चांगलंच वाढलं; मेथनॉल-पाण्याचं मिश्रण जास्त व्हिस्कस (घट्टसर) असतं. ते उतरवायला कॉलमचं तापमान 40 अंशांवर नेलं, फ्लो थोडा कमी केला. शिवाय मेथनॉल 205 नॅनोमीटरच्या खाली प्रकाश शोषतं, म्हणून डिटेक्टरवर 210 ऐवजी 254 नॅनोमीटरला मोजलं. बेसलाइन शांत झाली.

नमुनाही आता शुद्ध ॲसिटोनायट्राइलऐवजी मोबाइल फेजमध्येच विरघळवते. सुरुवातीच्या पीकचा आकार त्याने सुधारला.